ड्रायव्हरमामांचा नकार

ज्याच्या तोंडून 'नाही' हा शब्द कधीच कुणी ऐकला नव्हता, असा अख्ख्या शेवगाव तालुक्यात एकच माणूस असेल, आणि तो आमच्या शाळेची बस चालवायचा. मुलं त्यांना मामा म्हणायची, म्हणून आम्ही शिक्षकही मामाच म्हणायचो. एकदा सलूनवाल्याचा हात चुकला आणि मामांची अर्धी मिशी उडाली. तो बिचारा घाबरला, तर मामाच त्याला म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, दुसरी बी काढा. मलाबी उकडतच हुतं." नगरच्या एसटीत कुणाचं तरी ज्वारीचं पोतं शेवगावपासून त्यांच्या पायावर होतं, पण पोत्याचा मालक झोपला होता म्हणून मामांनी हूं की चूं केलं नाही. नगरला लंगडत उतरले आणि ते पोतंही त्यांनीच खाली उतरवून दिलं. बस धुण्यापासून संस्थेच्या सचिवांच्या घरी गॅस सिलिंडर पोचवण्यापर्यंत सगळी कामं त्यांच्याच गळ्यात. शेवटी मामींनी वैतागून हुकूम काढला, "रोज आरशात बघून धा वेळा न्हाई म्हना." एका दुपारी मी रिकाम्या बसमध्ये डोकावले, तर मामा समोरच्या आरशाला सांगत होते, "न्हाई. जमनार न्हाई." मग जरा थांबून, त्याच आरशाला, "रागावू नगा हां."

गेल्या हिवाळ्यात सहलीच्या सकाळी मुलं बसमध्ये बसून गाणी म्हणत होती. मामांनी ब्रेक दाबला, सोडला, पुन्हा दाबला. मग इंजिन बंद केलं, किल्ली खिशात टाकली आणि खाली उतरून दाराच्या पायरीवर बसले.

"ब्रेक पार खाली जातोय," ते सहलीला निरोप द्यायला आलेल्या सचिवांना म्हणाले. "वाटंत घाट हाय. गाडी न्हाई न्यायची."

"काल तर चालत होती. हळू घ्या जरा."

"न्हाई साहेब."

गाणी थांबली. मामांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. सचिवांनी तळहात पुढे केला. "किल्ली द्या. दुसरा ड्रायव्हर बोलावतो. उद्यापासून तुम्ही येऊ नका."

"येत न्हाई. पन आदी पोरं उतरू द्या, मंग किल्ली."

सचिव माझ्याकडे वळले. "मॅडम, तुम्ही तरी सांगा यांना."

मी मान खाली घातली. गेटशी उभी असलेली एक आई पुढे आली, मामांना ओलांडून आत गेली आणि आपल्या मुलीला हाताला धरून खाली घेऊन आली. मग दुसरी आई गेली. शेवटचं मूल उतरल्यावर मामा उठले, किल्ली सचिवांच्या हातावर ठेवली आणि सवयीनं म्हणाले, "रागावू नगा."

दुपारी मेकॅनिक आला. ब्रेक ऑइलचा पाइप चिरला होता. मामांना मात्र कुणी परत बोलावलं नाही.

परवा ते राहात्याच्या बाजारात भेटले. आता पेरूचा टेम्पो चालवतात; मला पाहून तो रस्त्यातच थांबवून खाली उतरले. "मालक म्हनला, अजून धा क्रेट टाक. म्या म्हनलं, न्हाई," सांगताना लहान मुलासारखे हसले. मग माझ्या हातात पेरूंची पिशवी देऊन त्यांनी विचारलं, "मॅडम, तुमी कशा हाय? तिथंच हाय ना?"

"तिथंच आहे," मी म्हणाले. त्या सकाळी मी एक शब्दही बोलले नाही, त्याबद्दल त्यांची माफी मागायची होती. पण मागच्या गाड्या हॉर्न वाजवू लागल्या, आणि मामा घाईघाईनं टेम्पोत चढले.