कबरीचा चुना

ईस्टरच्या आदल्या दिवशी आम्ही आपापल्या माणसांच्या कबरींना चुना लावतो. यंदा शेजारची रत्नाही बादली घेऊन आली. मुलगा गेल्यापासून तिनं चर्च सोडलंय.

"पाळकसाहेब म्हणतात, प्रभू उठला. माझा लेक काही उठला नाही," ती म्हणाली आणि कुंचा फिरवत राहिली.

मी तिची समजूत घातली नाही. बायबलातल्या शुभवर्तमानातल्या बायका तरी कुठं आशा घेऊन निघाल्या होत्या? येशूच्या मेलेल्या अंगाला लावायचं सुगंधी तेल घेऊन भल्या पहाटे कबरीकडे गेल्या. काम राहिलं होतं, म्हणून गेल्या. उठलेला प्रभू आधी त्यांनाच भेटला.

"उद्या पहाटे इथंच प्रार्थना आहे. येतेस?"

"चुना वाळला का, ते बघायला येईन."

"त्यासाठीच ये," मी म्हणाले.