व्यंकटदादा, केबल अन् 'घूं'

होम थिएटरच्या दुकानात काम केलं की दोन गोष्टी ढिगाने गोळा होतात. वायरींचे तुकडे अन् किस्से. तुकडे भंगारवाला घेऊन जातो. किस्से कोणी नेईना, म्हणून तुम्हाला सांगून राहिले!

आमचं दुकान नांदेडला. मालक अण्णा. मी ऑर्डर अन् तक्रारी बघते. फिटिंगला व्यंकटदादा. दादा म्हणजे केबलच्या बाबतीत एकदम खडूस माणूस. गच्चीवरच्या डिशच्या छत्रीपासून टीव्हीला येते ना, ती गोल जाड वायर? तसलीच केबल वूफरला अन् व्हिडिओलाही लागते. पण दादा म्हणतो, "छत्रीची येगळी, वूफरची येगळी! आतली तार सोलीड तांब्याची पायजे, वरची जाळी दाट पायजे. न्हाईतर वूफर दिवसभर 'घूं' करत बसतंय." त्याच्या खिशात कायम लोहचुंबक. केबल सोलायची, चुंबक लावायचं. चिकटलं की आत लोखंड, तांबं नुसतं वरून. मग ती केबल सरळ रस्त्यावर! बाकी तो बंडलातून केबल कापतो, टोकाला पिना स्वतः बसवतो, तयार केबलला हात लावत नाही.

अर्धापूरला एका केळीवाल्या काकांचं घर बांधणं चालू होतं. दादाने आधीच चांगली केबल नेऊन दिली. "प्लास्टरच्या आधी भिंतीत टाका." दोन महिन्यांनी वूफर लावलं तर... घूंऽऽ! दादाने सगळं उघडलं. भिंतीतून निघाली कुठलीतरी जुनी काळी वायर.

"काका, म्या दिलेली केबल कुठाय?"

काकांनी त्याला मळ्यात नेलं. आमची केबल केळीच्या झाडांना आधाराला बांधलेली! घड लोंबायलेत, झाडं ताठ!

"अहो, ही भिंतीत टाकायची होती!"

"छत्रीची जुनी होती, ती टाकली की! तुमची एवढी भारी वायर, भिंतीत गाडायला जीव होईना!"

इथंच अण्णांचं डोकं फिरलं. त्या सीझनची ती तिसरी 'घूं'. अण्णा म्हणाले, "व्यंकट, बस झालं. आता एक जरी 'घूं' आली, तर डब्यातली तयार केबल विकायची. अन् तू काउंटरवर बसायचं. फिटिंगला दुसरा माणूस बघतो."

दादा पिना बसवायची पक्कड घेऊन मागे जाऊन बसला. काउंटर त्याला कसा सोसतो, ते आम्ही आधी बघितलेलं होतं ना!

म्हणजे झालं काय, मी दोन दिवस लग्नाला गेले तर अण्णांनी त्याला माझ्या जागेवर बसवलं. एक गिऱ्हाईक आलं, डब्यातली चकचकीत केबल मागितली. दादाने डबा फोडला, केबल सोलली, चुंबक लावलं. टक्! चिकटलं.

"घेऊ नका," दादा म्हणाला, "लोखंड हाय."

गिऱ्हाईक म्हणालं, "मग दुसऱ्या दुकानात मिळंल का चांगली?"

"हाव, समोरच्या गल्लीत बघा!"

अण्णा मागेच उभे होते!

तर अण्णांच्या त्या धमकीनंतर मुखेडहून एका सरांचा फोन आला. दादाचा चेहराच उतरला. मला म्हणतो, "ताई, घूं हाय का विचार."

"घूं नाही दादा. पडद्यावर सगळी माणसं हिरवी दिसायलीत म्हणे!"

दादा एवढा खुश झाला की लगेच एसटी धरली. सरांचा जुना प्लेयर, जुना प्रोजेक्टर. चित्रासाठी तीन केबली लागतात, लाल, हिरवी, निळी. गेला तर लालच गायब!

सर खाली बघत म्हणाले, "वाटणी झाली ना आमची. तीनातली एक धाकट्याकडं गेली. त्यानं वूफरला लावली."

दादाने तिथंच फरशीवर बसून नवीन लाल केबल बनवून दिली. माणसं परत माणसांच्या रंगात! सर दाराबाहेर डोकावले, दार लावून घेतलं अन् हळूच म्हणाले, "धाकट्याला सांगू नका बरं का. न्हाईतर ही बी वाटणीत घालंल!"

अन् आता लातूर. डॉक्टरांचा नवा बंगला, आमचं सगळ्यात मोठं काम. अण्णा स्वतः आले सोबत. मी सेटिंगसाठी. दादाने दिवसभर खपून केबल टाकली, 'घूं' नको म्हणून लाइटच्या वायरींपासून हातभर लांबून. संध्याकाळी डॉक्टर येऊन बसले. दादाने वूफर चालू केलं. खोलीत टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता.

अन् मग... घूंऽऽऽ.

डॉक्टरांनी अण्णांकडे बघितलं. अण्णांनी दादाकडे. "व्यंकट, उद्यापासून काउंटर."

दादाने केबल वूफरमधून उपसली. घूं चालूच! वूफरची पिन बोर्डातून काढली. घूंऽऽ! मग गडी सरळ उठला अन् घराचं मेन स्विचच पाडलं. एसी बंद, फ्रिज बंद, सगळं गप्प.

घूंऽऽऽ.

आवाजाच्या मागे मागे आम्ही चौघं पॅसेजमधून शेजारच्या खोलीच्या दारात आलो. चटईवर डॉक्टरांचे वडील. मांडी घातलेली, डोळे बंद, दोन्ही कानांत बोटं. भ्रामरी प्राणायाम चालू!

"बाबा!" डॉक्टर ओरडले. कानात बोटं, ऐकणार कुठून! बाबांनी मोठा श्वास घेतला अन् परत लावली. घूंऽऽऽ!

दादाने घाम पुसला. "अण्णा," तो म्हणाला, "उद्या काउंटरवर किती वाजता येऊ?"

अण्णांनी दादाची ड्रिल मशीनची पिशवी उचलली, स्वतःच्या खांद्याला अडकवली अन् "काउंटर राहू दे, उद्या फिटिंगला जायचंय," म्हणत जिना उतरून गेले.