पाळी गेली, वाडी मिळाली

"तुमचं आता संपलं, बाई. हा मेनोपॉज. कष्टाची कामं सोडा आणि आराम करा," पालघरचे डॉक्टर म्हणाले.

मेनोपॉज म्हणजे पाळी कायमची थांबणं. वर त्यांनी 'नर्व्हस' असंही काहीतरी म्हटलं, म्हणजे दोष माझ्या मनाचा. झोपेच्या गोळ्या दिल्या त्या माझ्या हातात नाही, दिराच्या हातात. मी समोर बसले होते, भिंत नव्हते काही!

ज्यांच्या वाट्याला हे येईल त्या बायकांसाठी मी लिहिते आहे, कारण मला कोणीच काही सांगितलं नव्हतं. आधी पाळी मागेपुढे होऊ लागली, मग बंदच झाली. भाकरी थापता थापता छातीपासून कानांपर्यंत आग उठायची, पोलकं भिजून जायचं आणि लगेच हुडहुडी भरायची. छाती धडधडायची. कोणी भांडं आपटलं तरी मला रडू फुटायचं. वाटायचं, आपण एक तर मरतोय, नाही तर वेड्या होतोय.

आमची पालघरजवळच्या माहीमला पानवेलींची वाडी आहे. माझे मालक वारल्यापासून ती दीरच बघत होता. पाळीतल्या बाईने वाडीत पाऊल टाकलं की वेली करपतात, असं आमच्याकडे मानतात. त्यामुळे मी दर महिन्याला कुंपणाबाहेर. वाडी मी बघते म्हटलं की दिराचं ठरलेलं उत्तर, "वैनी, मधेच तुमी बाहेर बसणार. मग वेलींकडे कोण बघणार?"

आता पाळी गेली, तर हाच दीर गावभर सांगत सुटला, "वैनीची तब्येत बरी नाय. डाक्टरनी आराम सांगितलाय. वाडी माज्या नावावर केलेली बरी." बघा म्हणजे! पाळी होती म्हणून वाडी नाही आणि पाळी गेली म्हणूनही नाही.

गोळ्यांनी मी दिवसभर पेंगायला लागले. जेवताना हात ताटात तसाच राहायचा. अशा गुंगीत माझ्याकडून वाडीच्या कागदावर सही करून घेतील, या धास्तीने मी भावाला बोलावून घेतलं. तो तारापूरच्या वीजकेंद्राच्या बांधकामावर कामाला होता आणि बोईसरला राहायचा. त्याने मला बोईसरच्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाईंनी ई.सी.जी. काढायला सांगितलं. त्यात हृदयाचे ठोके कागदावर उमटतात. अंगाला तारा लावल्या तेव्हा मी देवाचं नाव घेतलं. खरं तर काहीच दुखत नाही, उगाच घाबरू नका. मग मला बाकावर बसायला सांगितलं.

बाकावर एक गोरी मडम होती. बांधकामावरच्या अमेरिकन साहेबाची बायको, वय माझ्याएवढंच. एकाएकी तिचा चेहरा लालबुंद झाला आणि ती रुमालाने वारा घेऊ लागली. मी बघतच राहिले. मलबारी नर्स हसून म्हणाली, "इनको भी वही है."

मग नर्स मधे बसली आणि आमचं बोलणं सुरू झालं. मडम म्हणाली, आमच्याकडे बायका हे मैत्रिणीलासुद्धा सांगत नाहीत. म्हातारी झाली असं नवऱ्याला वाटेल म्हणून भितात, तरुण दिसायला गोळ्या घेतात. तिने विचारलं, तुमच्यात काय म्हणतात? मी सांगितलं, माझी सासू म्हणाली, "सुटलीस गो बाय!"

'सुटलीस' नर्सला काही केल्या इंग्रजीत सांगता येईना. शेवटी तिने दोन्ही हातांनी बेडी तोडल्यासारखं करून दाखवलं. मडम खदखदून हसली आणि हसता हसता रडायला लागली. मी तिचा हात धरला. अंग दोघींचं तेच करत होतं. तिला लाज शिकवली होती आणि मला सुटका. मग मी त्या पालघरच्या डॉक्टरचं 'संपलं' कशाला ऐकून घेऊ?

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हृदय ठणठणीत आहे. त्रास खरा आहे, पण हे वेड नाही. या वयात शरीरातलं हॉर्मोन कमी होतं, म्हणजे रक्तातून फिरणारा एक रस कमी पडतो. गोळ्या हळूहळू बंद करू. मात्र पुन्हा कधी रक्त दिसलं तर अजिबात थांबायचं नाही, लगेच यायचं."

"आणि वाडीत काम केलं तर?"

"करायचंय ना? मग करा की."

घरी येऊन मी तडक वाडीकडे निघाले. दीर आडवा आला. "वैनी, उन्हात खय चालल्या? तुमी आजारी हाय."

ओटीवरून सासूबाई कडाडल्या, "आजारी कसली? सुटली हाय ती! आता बारा महिने वाडीत जाईल. विटाळाचा नेम तूच सांगत होतास ना? आता अडव बगू तिला!"

दीर वाटेतून बाजूला झाला. सासूबाई विटाळ मनापासून मानायच्या, मी मुळीच नाही. पण ज्या काठीने मला इतकी वर्षं बाहेर हाकललं, तीच हातात आली तर मी का सोडू? त्या दिवसापासून वाडी मी बघते. अंगाची आग पुढेही बरेच दिवस उठत राहिली. उठली की पाटातलं पाणी तोंडावर मारायचं आणि पुढच्या वेलीकडे वळायचं. त्या डॉक्टरीणबाईंचे आणि मडमेचे उपकार मी विसरणार नाही.

परवा पानं खुडायची घाई होती. माझी नवी सून फाटकाशीच थांबली. खाली मान घालून म्हणाली, "आई, मी आज बाहेरची हाय."

गडीमाणसांनी हातातलं काम थांबवलं. दीर बांधावर उभा राहून माझ्याकडे बघत होता. माझ्या कानांपर्यंत आग चढली. ती वयाची होती की रागाची, देव जाणे.

"बाहेरची कोण नाय," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "वाडी आपली हाय. ये आत."

तिने चपला काढल्या आणि ती आत आली.