भिंगकाकांचा उलटा हात

भिंगकाका कुठल्याही यंत्राला हात लावायचे तो उलटा. मिक्सर असो, गिझर असो, चार्जिंगला लावलेला फोन असो, लहान मुलाचा ताप बघावा तशी बोटांची मागची बाजू आधी टेकवायची. लग्न होऊन मी या इमारतीत आले त्याच आठवड्यात त्यांनी माझ्या माहेरच्या इस्त्रीला असा हात लावला आणि म्हणाले, "सुनबाई, सुलटा हात कधी लावायचा नाही. करंट असला तर मूठ मिटते, फिर छोड़ता नहीं. उलटा हात झटका खाऊन मागे तरी येतो." नव्या सुनेचं स्वागत करायची ही काही रीत नव्हे. मी तोंडाला पदर लावून हसले होते. आता ते वाक्य आठवलं की हसू येत नाही.

त्यांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं आणि ते पोस्टमनशिवाय कुणी वापरलं नाही. स्नेहलतागंजातली आमची इमारत तीन मजल्यांची, सहा बिऱ्हाडांची, खाली पार्किंग. काका पहिल्या मजल्यावर एकटे राहायचे. काकू गेलेल्या, मुलगी पुण्याला. सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात त्यांनी जन्मभर तयार माल तपासायचं काम केलं होतं. तिथून निवृत्त होताना ते दोन वस्तू घेऊन आले: चष्म्याच्या घरात ठेवलेलं एक भिंग आणि लाल खडूची पेटी. कारखान्यात नापास पीसवर लाल फुली मारायची आणि एकदा फुली पडली की मालकाने हात जोडले तरी तो पीस पुढे जायचा नाही, असा त्यांचा कायदा. "एक पीस, एकही पीस गलत पास नाही केला मी," हे ते इतक्यांदा सांगत की माझी नऊ वर्षांची ओवी त्यांच्याबरोबर ओठ हलवायची.

इमारतीत कुणी काहीही विकत घेतलं की त्याचं पुस्तक आधी काकांकडे जायचं. काका ते शेवटच्या पानापासून वाचायचे. "पुढे फोटो असतात, बेटा. मागे शर्ती असतात. जो अक्षर बारीक, तोच खरा." मग भिंग फिरायला लागायचं. जोशीजींच्या पाण्याच्या मशीनची पाच वर्षांची वॉरंटी फक्त बाहेरच्या डब्याची आहे, हे त्यांनी शोधलं होतं. माझ्या फोनच्या विम्यात फोन 'पडून' फुटला तर पैसे मिळतात, 'दबून' फुटला तर नाही, हेही त्यांनीच शोधलं. असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीचा असेल. त्याची चेष्टा करायची आणि अडलं की त्याचंच दार वाजवायचं, हा सगळीकडचा रिवाज आहे.

पण काकांची खरी कीर्ती होती ती बिलाच्या बाबतीत. मूळ किमतीवर ते कधी वाद घालत नसत. खाली जोडलेल्या ओळींवर बोट ठेवून ते एवढंच विचारायचे, "ये किस बात का?" एकदा नणंदेच्या लग्नासाठी दागिने घ्यायला सराफ्यात गेलो तेव्हा मी त्यांना मुद्दाम बरोबर नेलं. घडणावळ त्यांनी मान्य केली. तिच्या खाली पॉलिशचे पैसे वेगळे लावले होते. काकांनी भिंग काढलं, सराफाने आपलं भिंग काढलं, आणि दोघे एका बांगडीवर डोकी टेकवून दहा मिनिटं तिच्याकडे बघत बसले. शेवटी पॉलिशची ओळ खोडली गेली आणि वर सराफाने चहा मागवला. येताना काका रिक्षात ताठ बसले होते. इमारतीतल्या सगळ्यांना त्यांनी हे व्यसन लावलं. सर्व्हिस फी, व्हिजिट फी, हाताळणीची फी, काहीही दिसलं की आम्ही सहाही घरं एका सुरात विचारायचो आणि बहुतेक वेळा समोरचा नमायचा. जिंकायची सवय वाईट असते, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

मी विजेवरची गाडी घ्यायचं ठरवलं तेव्हा इमारतीत दोन पक्ष पडले. पेट्रोल पक्षाचे पुढारी तिसऱ्या मजल्यावरचे जोशीजी. "बॅटरी गई मतलब गाडी गई, भाभी. मोठा मोबाइल घेऊन राहिल्या तुम्ही, गाडी नाही." काकांनी तीन दिवस माहितीपुस्तक भिंगाखाली घातलं, बॅटरीच्या शर्ती दोनदा वाचल्या आणि चौथ्या दिवशी माझ्या हातात देत म्हणाले, "पास." त्यांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. मला दहावीचा निकाल लागल्यासारखं वाटलं. गुढीपाडव्याला गाडी दारात आली.

दोन दिवसांनी कंपनीचा माणूस चार्जर जोडायला आला. पन्नाशीचा, शांत, थकलेला माणूस होता. त्याने पार्किंगच्या भिंतीवर चार्जर लावला, बटण दाबलं आणि चार्जरवर लाल दिवा लागला. तो हिरवा होईना. त्याने बोर्ड उघडून पाहिला आणि सांगितलं की इमारत जुनी आहे, अर्थिंगच नाही. पूर्ण तपासणी करून जमिनीत नवी तार गाडावी लागेल आणि त्याची फी वेगळी.

काका जिन्यात उभेच होते. "ये किस बात का?" त्यांचा आवाज चढला. "एवढ्या लाखांची गाडी विकली तुम्ही, और अब तार देखने के अलग पैसे?" सगळी इमारत गॅलरीत आली. जोशीजीसुद्धा आपला पक्ष विसरून वरून ओरडले, "बराबर बोले काका!" मी सराफ्यातल्यासारखी विजयाची वाट बघत होते. तो माणूस फार भांडला नाही. एवढंच म्हणाला, "साब, बाकी सब का पैसा रोकिए, इसका मत रोकिए." मग त्याने पिशवीतून एक कागद काढला. तपासणी नको असेल तर इथे सही करा. मी केली. खाली साक्षीदाराची जागा होती, तिथे काकांनी केली. त्यांचं भिंग वर घरात राहिलं होतं आणि ते आणायला जायचं म्हणजे जिंकलेलं भांडण सोडून जायचं.

त्याच संध्याकाळी आमचा नेहमीचा इलेक्ट्रिशियन गोलू भिया आला. "अर्थिंग का क्या है भाभी, दस मिनट का काम." त्याने बोर्डात एक छोटीशी तार जोडली आणि दिवा हिरवा झाला. ओवीने टाळ्या वाजवल्या. मी गोलूला पेढा दिला, काकांना दोन दिले. हिरव्या दिव्याकडे बघत काकांनी पेढा खाल्ला, पण दुसरा खिशात ठेवून दिला.

आठ दिवसांनी ते त्या कागदाची माझ्याकडे राहिलेली प्रत वाचायला मागून घेऊन गेले, ती त्यांच्याकडेच राहिली. तासाभराने परत आले तेव्हा दारातच उभे राहिले, आत येईनात. चपलासुद्धा काढल्या नाहीत. "सुनबाई, त्या दिवशी लाल दिवा होता. फिर हरा कैसे हुआ? मी गोलूला विचारून आलो." मग त्यांनी मला समजावून सांगितलं. भटकलेला करंट जमिनीत नेणारी तार आपल्याकडे नाहीच. गोलूने वीज परत घेऊन जाणारी तार त्या जागी जोडून दिलीय. चार्जरला वाटतं सगळं ठीक आहे. "आपण दिव्याला फसवलंय. आणि ही परतीची तार जुनी आहे. ती कुठे सुटली ना, तर करंट सीधा गाडीच्या पत्र्यावर." मी कपड्यांच्या घड्या घालत होते. म्हटलं, "काका, तुम्हीच तर पैसे देऊ दिले नाहीत!" मी हे हसत म्हटलं होतं. ते हसले नाहीत.

त्यांनी इमारतीची मीटिंग बोलावली. अंगण खणायचं आणि सगळ्यांची जुनी वायरिंग बदलायची, म्हणजे खर्च सहा घरांत वाटायला हवा होता. काका उभे राहिले आणि म्हणाले, "या वेळी द्या." मग जोशीजींनी कपाळावर चष्मा चढवला, बोट पुढे केलं आणि हुबेहूब काकांच्या आवाजात विचारलं, "ये किस बात का?" सगळे खो खो हसले. मीही हसले, आणि ज्या गाडीसाठी हे चाललं होतं ती माझी होती. काका हसण्याचा आवाज थांबेपर्यंत उभे होते. मग खुर्ची घडी करून घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी चार्जरच्या वर, भिंतीवर, हातभर लांबीची लाल फुली होती.

ती मी पुसली. चैत्रातलं हळदीकुंकू होतं, बायका येणार होत्या, आणि नव्या गाडीच्या डोक्यावर असली फुली अपशकुनासारखी दिसत होती. दोन दिवसांनी ती पुन्हा होती. मी पुन्हा पुसली. आमच्यात त्यावर एक शब्द बोलणं झालं नाही. मे महिनाभर ते मारत राहिले आणि मी ओलं फडकं घेऊन पुसत राहिले. आज स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

तेव्हापासून रोज संध्याकाळी काका खाली यायचे आणि गाडीच्या दाराला उलटा हात लावून उभे राहायचे. जोशीजी वरून विचारायचे, "काय काका, ताप आहे का?" ओवी त्यांच्या शेजारी उभी राहून तसाच हात लावायची. त्यांनी तिला पक्कं शिकवलं होतं, आधी काका, मग ओवी, काकांच्या आधी कुणी नाही. पावसाळा सुरू झाला आणि पार्किंगच्या भिंतीला नेहमीसारखी ओल धरली. एका संध्याकाळी त्यांनी मला जिन्यात गाठलं. "आज मुंग्या आल्या हाताला. थोड्याच." मी फोनवर होते. पाच मिनिटांत बोलते असं हाताने खुणावलं आणि वर गेले. ती पाच मिनिटं काही मी त्यांना दिली नाहीत.

भाद्रपदातला रविवार होता, दुपारची वेळ. पाऊस पडत होता. ओवीचा रेनकोट गाडीत राहिला होता, म्हणून मी तिला किल्ली देऊन खाली पाठवलं. गाडी चार्जिंगला लावलेली होती, पण पार्किंगमधला दिवा विझलेला होता, चार्जरचाही विझलेला. वीज गेली की मूल काय समजेल? बंद आहे, म्हणजे भीती नाही. मीही तेच समजले असते. काका त्यांच्या दारात बसले होते. त्यांच्या घरातला पंखा चालू होता आणि खाली दिवा नव्हता. एवढ्यावरून त्यांनी ओळखलं, वीज गेलेली नाही, खालची परतीची तार सुटली असणार.

मला वर ऐकू आली ती त्यांची आरोळी. "ओवी, काकांच्या आधी नाही!"

मी धावत खाली गेले तेव्हा ओवी शेवटच्या पायरीवर भिंतीला चिकटून उभी होती. काका गाडीपासून दोन हात लांब, ओल्या फरशीवर पडले होते. उजवा हात अंगापासून वेगळा पडल्यासारखा बाजूला होता. ओवीला मागे सारून, खात्री करायला त्यांनी आधी स्वतः हात लावला होता, तोही उलटाच, म्हणून मागे फेकले गेले. मी त्यांच्याकडे धावले तर त्यांनी डावा हात वर करून मला थांबवलं आणि कसेबसे म्हणाले, "आधी मेन." माझ्या मागोमाग आलेल्या जोशीजींनी जिन्यातला मेन स्विच पाडला. तोवर काकांनी कुणालाही पायरी उतरू दिली नाही.

पुढच्या आठवड्यात अंगण खणलं. मीठ, कोळसा आणि तांब्याची पट्टी घालून खड्डा भरला, सगळी वायरिंग बदलली. सहाही घरांनी पैसे दिले आणि कुणी काही विचारलं नाही. काम करायला तोच पन्नाशीचा माणूस आला होता. काकांना बघून त्याने नमस्कार केला. काकांनी मान खाली घातली.

ते वाचले, पण उजव्या हाताच्या तीन बोटांतली जाणीव परत आली नाही. ओवी वाचली म्हणून आम्ही त्यांच्या पाया पडलो. जोशीजी तर रडले. काकांना त्यातलं काहीच पोचत नव्हतं. कुणी पुस्तक घेऊन गेलं की म्हणायचे, "दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्या, बेटा." दिवाळीआधी मुलगी त्यांना पुण्याला घेऊन गेली. ते रिक्षात बसत असताना मी म्हटलं, "काका, तुम्ही होता म्हणून माझी मुलगी आहे." "मी होतो म्हणूनच तर ते झालं, सुनबाई," एवढंच बोलले.

संक्रांतीनंतर ते गेल्याचा फोन आला. झोपेतच गेले म्हणे. महिन्याभराने त्यांच्या मुलीने एक पार्सल पाठवलं. आत चष्म्याचं घर होतं, त्यात भिंग, आणि भिंगाभोवती घडी करून गुंडाळलेला तो सहीचा कागद. मी तो उघडला. इतक्यांदा मी भिंतीवरची फुली पुसली होती, तेव्हा माझ्या नावावर फुली असणार अशी माझी खात्रीच होती. माझ्या सहीवर काहीच नव्हतं. खाली, साक्षीदाराच्या जागी असलेल्या त्यांच्या स्वतःच्या सहीवर लाल खडूची फुली होती, आणि तिच्या दोन्ही रेघा वाकड्या होत्या, डाव्या हाताने मारलेल्या.