सगुणाबाईचे शंभर दाणे

एक्याऐंशी साली सर्जेराव अण्णांनी नवीन जालन्यात बियाणे कंपनी काढली, तेव्हा कंपनीत तीनच वस्तू होत्या. एक वजनकाटा, एक पाटी आणि सगुणाबाई.

सगुणाबाई राजूरच्या. शिक्षण चौथी. काम एकच. शेतकऱ्यांकडून आलेल्या सरकीच्या प्रत्येक ढिगातून, म्हणजे कंपनीच्या भाषेत प्रत्येक लॉटमधून, शंभर दाणे उचलायचे. ओल्या कागदात गुंडाळून खिडकीजवळच्या टेबलावर ठेवायचे. बाराव्या दिवशी गुंडाळी उलगडून कोंब मोजायचे. पासष्ट उगवले तर पास. चौसष्टला नापास, आणि प्रत्येक लॉटचा निकाल पाटीवर खडूनं लिहायचा.

एकदा अण्णांचा मेव्हणा आणि कंपनीचा मॅनेजर रामकिसन याच्या स्वतःच्या शेतातला माल चौसष्टावर अडला.

"बाई, एका कोंबानं काय होतंय?"

"मला काय इचारता मॅनेजर? ज्याच्या वावरात ते भोक रिकामं राहीन, त्याला इचारा."

माल परत गेला. रामकिसन आठ दिवस बाईंशी बोलला नाही. बाईंना ते नवव्या दिवशी कळलं.

बावीस वर्षं हे असं चाललं. मग दोन हजार तीनमध्ये अण्णा हैदराबादला बियाण्यांचं प्रदर्शन बघायला गेले आणि येताना 'प्लॅटफॉर्म' घेऊन आले. म्हणजे शब्द घेऊन आले. वस्तू मागाहून यायची होती.

"शेतकरी, लॉट, गोदाम, डीलर, सगळे एका जागी!" अण्णा हात पसरून सांगत होते. "बटन दाबलं की दिसलं पाह्यजे."

"मंग आता काय दिसत न्हाई अण्णा?" बाईंनी विचारलं. "मला खिडकीतून समदंच दिसतंय."

"तुम्हाला दिसतंय हो. मला दिसायला पाह्यजे."

बाई परत कोंब मोजायला गेल्या.

काम कोणाला द्यायचं हे ठरवायला कार्यक्रम झाला तो थेट मुलगी बघण्याचा. पोहे, चहा, सतरंजी झटकलेली. फरक इतकाच की इथे नवरीनंच टाय बांधला होता.

पहिली कंपनी पुण्याची. लॅपटॉप, भिंतीवर चित्रं, जहाज काय, हस्तांदोलन काय. निम्म्यात लाईट गेली. पुण्याचा माणूस थांबला नाही. अंधारात त्याचं म्हणणं जास्तच पटत होतं.

"मोबाईलवर दिसल का?" अण्णा.

"यस सर."

"पावसाचा अंदाज?"

"यस सर."

"डीलर खोटं बोलला तर कळल?"

अंधारात जरासा खोकला. "फेज टूमध्ये, सर."

दुसरी आली जुन्या जालन्यातली मैमूना. औरंगाबादला इंजिनियर झालेली, भाऊ लतीफच्या बरोबरीनं तीन कॉम्प्युटरचं दुकान चालवणारी. तिच्याकडे टाय नव्हता, जहाज नव्हतं. वही होती. तिनं पोहे बाजूला सारले आणि विचारलं,

"सर, नापास झालेला माल जातो कुठं?"

अण्णांनी रामकिसनकडे बघितलं. रामकिसननं छताकडे.

"आणि निकाल नंतर कोणी बदलू शकतं का?"

"कोन्नीच न्हाई," चहाचा ट्रे घेऊन आलेल्या सगुणाबाई बोलून गेल्या.

"बाई, तुम्हाला न्हाई इचारलं," रामकिसन म्हणाला.

"पण उत्तर तर त्यांनीच दिलं," मैमूना म्हणाली आणि वहीत लिहून घेतलं.

"मोबाईलवर दिसल का?" अण्णांनी आपला हुकमी प्रश्न टाकला.

"आत्ताच हो कशी म्हणू? आधी आठ दिवस तुमचं काम बघते, मग सांगते."

ती जिना उतरेपर्यंत तिचा निकाल लागला होता.

"दाजी, हिला काहीच येत न्हाई," रामकिसन म्हणाला. "पुण्यावाल्यानं एक प्रश्न इचारला का? समदं माहीत व्हतं त्याला! ही तर उलट आपल्यालाच इचारून राह्यली."

"अण्णा, एक बोलू?" बाई कपबशा गोळा करत होत्या. "पोत्यावरचं चित्र बघून आपण कधी माल घेतला का? शंभर दाणे भिजवतो. यांचेबी भिजवा."

"यांचे दाणे कुठून आणू मी?"

"ह्या सालच्या शंभर लॉटची माहिती द्या दोघांला. म्हणावं, तुमच्या मशीनीत घाला. पास कोणते, नापास कोणते, माझ्या पाटीसंगं लावून बघू. किती उगवतात ते मोजू."

अण्णा पोट धरून हसले. "अहो बाई, कंपनी हाय ती, सरकी न्हाई!"

काम पुण्याला गेलं.

करारासोबत एकशे चाळीस पानांचा इंग्रजी दस्तऐवज आला. रामकिसननं सही केली.

"वाचलं का सगळं?" अण्णांनी विचारलं.

"हातात धरून बघितलं दाजी. जड हाय."

मग आठ महिन्यांत पाच इंजिनियर आले. प्रत्येकाचा पहिला प्रश्न, "लॉट म्हणजे काय?" आणि प्रत्येकाला बाई स्टूल द्यायच्या. "बस बाळा. हे शंभर दाणे..." एकाला काम समजत आलं की पुण्याहून फोन यायचा आणि तो दुसरीकडे जायचा. तिसऱ्यानं तर इतकं नीट लिहून घेतलं की त्याला थेट अमेरिकेला पाठवलं. चौथा आला आणि म्हणाला, "लॉट म्हणजे काय?"

अक्षय तृतीयेचं उद्घाटन ठरलं. आदल्या दिवशी अण्णांनी पहिल्यांदा मशीनचा पडदा बघितला आणि त्यांचा चेहरा उतरला. पास लॉट हिरवे, नापास लाल. मधोमध सतरा लाल ठिपके.

"रामकिसन, उद्या भटजी येणार, नारळ फुटणार, आणि त्या पडद्यावर 'नापास, नापास'? शुभकार्यात नाट लावतो काय?"

"हिरवं करून घेऊ की दाजी. जल्दी होतंय." आणि त्यानं पाचव्या इंजिनियरला हाक मारली. "ओ साहेब, समदं हिरवं करा. बिलकुल लाल नको."

"लेखी द्याल, सर?"

"कागद आणा!"

दुसऱ्या दिवशी पडद्याला हळदकुंकू लागलं, वर लिंबूमिरची टांगली आणि खाली शेतंच्या शेतं हिरवीगार झाली. टाळ्या पडल्या. पाचवा इंजिनियर त्याच रात्रीच्या बसनं गेला. लाल परत आणायचं कोणाच्या ध्यानात राहिलं नाही.

उद्घाटनाला आणखी एक गोष्ट झाली. नव्या मशीनीला एसीची खोली लागत होती आणि कंपनीत खिडकीची चांगली खोली एकच होती. बाईंचं टेबल मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेलं.

"निकाल आता मशीन ठेवणार बाई," रामकिसननं समजावलं. "तुम्ही गोदामात रिकामी पोती मोजा. आराम करा."

बाईंनी पाटी उचलली, पदरानं पुसायला गेल्या आणि थांबल्या. पुसली नाही. तशीच बगलेत मारून गोदामात गेल्या.

तिथंच मे अखेरीला त्यांना तो माल दिसला. लॉट सत्तेचाळीस. एप्रिलमध्ये त्यांनी स्वतः मोजला होता, शंभरात एकेचाळीस. परत पाठवायचा म्हणून कोपऱ्यात सारून ठेवलेला. आता हमाल त्याच्या पिशव्या भरत होते, पिशवीवर मशीनमधून निघालेलं लेबल, त्यावर 'पास'.

"हा नापास हाय! थांबवा!"

रामकिसन आला. त्यानं बाईंना एसीच्या खोलीत नेऊन हिरवा ठिपका दाखवला.

"बघा. मशीन काय म्हणतंय?"

"मशीननं कधी मोजलं?"

"बाई, पाटीवरचं खडूनं लिहिलेलं खरं का इतक्या मोठ्या मशीनीतलं? वय झालं तुमचं. नजरचूक होतीया."

इतक्या वर्षांत हे कोणी म्हटलं नव्हतं. बाई बाहेर आल्या. माल परतूरच्या डीलरकडे जायला अजून तेरा दिवस होते. वावरातल्या रिकाम्या भोकांमागं एकेका शेतकऱ्याचं घर असतं, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी लॉट सत्तेचाळीसमधले शंभर दाणे मोजून पदरात बांधले.

गाड्या निघायच्या दिवशी अण्णांनी डीलर बोलावले होते. पडद्यावर गाड्या निघताना दाखवायच्या होत्या. परतूरचे निजामोद्दीन पुढच्या खुर्चीवर, हातात सरबत.

सगुणाबाई आत आल्या, ओलं गोणपाट घेऊन. सरळ अण्णांच्या समोर, हारतुऱ्यांच्या टेबलावर त्यांनी ते उलगडलं. थंडगार एसीत मातीचा वास सुटला.

"लॉट सत्तेचाळीस. मोजा अण्णा."

"बाई, ही काय वेळ..." रामकिसन मध्ये पडला.

"मॅनेजर, माझी नजर अधू झालीय. अण्णांची चांगली हाय. मोजा."

एवढ्या लोकांत 'मोजत नाही' म्हणायची सोय नव्हती. अण्णा मोजायला लागले. तिसाच्या पुढं त्यांचा आवाज बारीक होत गेला. "अडतीस... एकोणचाळीस... चाळीस... एकेचाळीस." पुढं नुसतेच कुजलेले दाणे.

"एकेचाळीस बराबर," निजामोद्दीन म्हणाले. "मैं भी गिन रहा था." मग सरबत खाली ठेवलं. "अण्णा, ये माल मेरे कने आ रहा था ना?"

पडद्यावर सत्तेचाळीस हिरवागार चमकत होता.

अण्णांनी सगळ्यांसमोर पुण्याला फोन लावला. पलीकडचा माणूस फार अदबीनं बोलत होता.

"सर, तो दोष नाही. ती तुमची मागणी होती. 'सर्व लॉट हिरवे दाखवावेत, लाल बिलकुल नको.' मॅनेजर साहेबांची सही आहे. आम्ही वेळेत करून दिलं, सर."

"अहो, ते पूजेपुरतं व्हतं!"

"'पूजेपुरतं' असं लिहिलेलं नाही, सर. लाल परत हवा असेल तर ते फेज टूमध्ये घ्यावं लागेल."

अण्णांनी फोन ठेवला. रामकिसन लिंबूमिरचीकडे बघत होता.

"गाड्या खाली करा," अण्णा म्हणाले. मग बाईंकडे न बघता, "पाटी हाय का अजून?"

"हाय. पुसली न्हाई."

सतरा लॉट पाटीवरून वाचून बाजूला काढले. त्यातले दोन रामकिसनच्या भावाचे होते, ते त्यानं स्वतः उचलले.

चौथ्या दिवशी अण्णांच्या निरोपावरून मैमूना आली. वही तीच. एसीच्या खोलीकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. पत्र्याच्या शेडमध्ये बाईंच्या शेजारी स्टूल टाकून आठ दिवस बसली. कोंब मोजले, हमालांना विचारलं, नापास माल कुठं जातो ते बघून आली. त्यानंतर बाईंनी तिला या सालच्या शंभर लॉटची माहिती दिली.

महिन्यानं तिनं आपली मशीन आणली. अण्णा, रामकिसन, सगळे उभे. बाईंनी एकेक लॉट पाटीशी ताडून बघितला. शंभर लॉट व्हायला दुपार गेली.

"अठ्ठावन्न बराबर," बाई म्हणाल्या. "पासष्ट लागतात. नापास."

रामकिसनचा चेहरा उजळला. "म्हणलं नव्हतं दाजी?"

मैमूनानं मान खाली घातली, वही उघडली, चुकलेले बेचाळीस नंबर उतरवून घेतले. मग हळूच म्हणाली, "खाला, फिर से भिगोऊं?"

"भिजव की," सगुणाबाई म्हणाल्या. "मी कुठं चालले?"

मागे दोन हमाल एसीच्या खोलीतून पुण्याची मशीन बाहेर काढत होते. खिडकीखाली टेबलापुरती जागा मोकळी होत होती.