तळहाताला नाक

साक्रीकडचं गाव सोडून आम्ही धुळ्यात घर केलं, तेव्हा शेतावरचा कुत्राही बरोबर आला. शेजारच्या मळ्यातल्या कोंबड्यांमागे लागून त्याने बऱ्याच काठ्या खाल्ल्या होत्या. मागच्या थंडीत त्याच्या डाव्या कानाला जखम झाली आणि तिच्यात अळ्या पडल्या. दवाखान्यात दोघांनी धरून ती साफ केली. सुटल्यावर तो दोन दिवस घरी आला नाही.

डॉक्टर म्हणाले, ‘‘पुन्हा धरलात तर कायमचा जाईल. दिलेल्या इंजेक्शनवर आठवडा निघेल. मग रोज कानात पाच थेंब गेलेच पाहिजेत, नाहीतर जखम आत उतरेल. तोवर त्याला तळहाताला नाक लावून थांबायला शिकवा. एक हात नाकाला, दुसऱ्याने औषध.’’

मी वही केली. ‘लाव’ म्हणायचं, तळहात पुढे करायचा, नाक लागलं की भाकरीचा तुकडा. सकाळी वीस वेळा, संध्याकाळी वीस. पहिल्या दिवशी चाळीसपैकी दोन. दुसऱ्या दिवशी तीन. तिसऱ्या दिवशी एक. चौथ्या दिवशी भाकरीऐवजी उकडलेलं अंडं दिलं, तरी एकच.

सकाळची पहिली भाकरी कुत्र्याची, हा आमच्या घरचा नेम. पण ती आम्ही उभ्यानेच, वरून टाकतो. तोंड हाताला लागू नये म्हणून. आईचे गुडघे दुखतात, म्हणून ती तेवढी पायरीवर बसून देते. पाचव्या दिवशी वहीतल्या सगळ्या नोंदींकडे बोट करून तिथूनच ती अहिराणीत म्हणाली, ‘‘भाऊ, बठ्ठं लिखस तू. हात कोठे शे ते लिखेल शे का?’’

‘‘कुठे म्हणजे? पुढेच.’’

‘‘वर शे. वरथून हात उना का त्याले काठी दिखस. बस खाले. साहेबनी पँट मळनी ते मळू दे.’’

मी फरशीवर बसलो आणि हात त्याच्या छातीपेक्षा खाली धरला. वीसपैकी अकरा. सहाव्या दिवशी चाळीसपैकी छत्तीस.

सातव्या दिवशी नाक तळहाताला लागलं आणि मी उजव्या हाताने बाटली कानाकडे नेली. तो उडी मारून फाटकापर्यंत गेला. बाटली मी वरूनच आणली होती. संध्याकाळी ती फरशीपासून हळूहळू, गालाच्या कडेने वर नेली. तो थरथरला, पण नाक काढलं नाही. चार थेंब कानात गेले, एक माझ्या मनगटावर पडला.

वहीत मी पाचपैकी चार लिहिलं.

‘‘पाच लिख ना,’’ आई म्हणाली, ‘‘कोन मोजस?’’

मी चारच ठेवले. पाच दुसऱ्या दिवशी गेले.