बंगलीला तट्टे बांधले तो दिवस

महाबळेश्वरला तळ्याकाठच्या बागेत एका इंग्रज साहेबाची उन्हाळ्यात राहायची लाकडी बंगली सरकारने जशीच्या तशी जपून ठेवली होती. त्याची वेताची आरामखुर्ची, कंदील, सगळं जागच्या जागी. सत्तरच्या दशकात आमचे हे तिथे राखणदार होते, सासरेही आमच्यापाशीच राहायचे. नोकरी अजून कायम नव्हती, आणि आतल्या वस्तूंना कुणी हात लावायचा नाही असा सक्त हुकूम होता. मी सांगलीकडच्या सपाट रानातली. मला त्या तळ्याची कायम धास्ती.

पावसाळ्याआधी तिकडे घरांना चहूबाजूंनी गवताचे तट्टे बांधतात, नाहीतर भिंती कुजतात. त्या दुपारी बंगलीला तट्टे बांधायचे होते आणि नेमके मोठे साहेब पाहणीला आले. यांची धांदल उडाली. आत न बघताच कुलूप घातलं, गड्यांनी भराभर तट्टे आवळले. दारं-खिडक्या झाकून गेल्या.

थोड्या वेळाने बघते तर सासऱ्यांचा पत्ता नाही, आणि त्यांच्या वहाणा तळ्याच्या पायरीवर. मी धावत जाऊन यांना सांगितलं. हे होडीवाल्यांना घेऊन पाण्यात उतरले, बांबूने तळ चाचपू लागले. साहेब निघायचे ते थांबले. काठावरून स्वतः हाका मारू लागले. बांबू कशाला अडला की मी डोळे मिटून घ्यायचे.

उन्हं कलली. मी बंगलीच्या तट्ट्याला टेकले, तर आतून खोकला! दोन्ही हातांनी गवत ओरबाडलं. काचेमागे मामंजी.

"हळू बोल, पोरी," ते कुजबुजले. "सायेब गेलं का?"

"आवं मामंजी, आमी हितं बोंबलतोय, ओ द्यायला काय झालं हुतं?" सुनेने असं बोलू नये, पण मला संतापच आला.

"पाय धुवून खुर्चीत जरा पाठ टेकली, डोळा लागला. जागा झालो तर भाईर सायबाचा आवाज. ओ दिली आसती तर पोराची नोकरी गेली आसती."

मी वळून पाहिलं. हे छातीभर पाण्यात बापाला शोधत होते, आणि साहेब काठावरच उभे. नोकरी गेली तर गेली खड्ड्यात!

"आवं, मामंजी हितं हायती!" मी सगळ्या तळ्याला ऐकू जाईल अशी ओरडले. मागे मामंजी मला गप्प करायला काच वाजवत होते.